लीजहोल्ड फ्लॅट घेताना आधी जमिनीचा कागद मागा

फोंड्यात बँकेच्या गृहकर्जाच्या टेबलावर माझ्या नोकरीची बरीच वर्षे गेली. फ्लॅट घ्यायला निघालेली माणसे समोर बसली की पिशवीतून आधी बिल्डरचे माहितीपत्रक काढायची, मग पगाराची स्लिप, मग पॅन आणि आधार. जमिनीचा कागद सगळ्यात खाली असायचा. पुष्कळदा तो आणलेलाच नसायचा. मी त्यांना हा क्रम उलटा करायला सांगायची, आणि आता निवृत्त झाल्यावर ओळखीपाळखीतले कोणी विचारायला आले तरी तेच सांगते. फ्लॅट लीजहोल्ड असेल तर हे दुप्पट महत्त्वाचे. लीजहोल्ड फ्लॅटमध्ये तुम्ही जमिनीच्या भाडेपट्ट्याची उरलेली वर्षे विकत घेता. ती किती उरली, कोणत्या अटींवर आणि कोणाच्या परवानगीने, हे सगळे जमिनीच्या पट्ट्यात लिहिलेले असते. फ्लॅटच्या दस्तात त्याचा उल्लेख एखाद्या परिच्छेदात उरकलेला असतो.

आधी फरक नीट समजून घेऊ. फ्रीहोल्ड म्हणजे जमीन मुदतीशिवाय मालकीची. गोव्यात फ्रीहोल्ड इमारतीतला फ्लॅट घेतला की बहुतेक वेळा फ्लॅटच्या विक्रीखतातच जमिनीतला अविभाज्य हिस्सा तुमच्या नावे लिहून मिळतो. मुंबई-ठाण्यातले नातेवाईक सोसायटीच्या नावे जमीन करून घेण्याविषयी, मोफा कायद्याविषयी सांगतात. तो महाराष्ट्राचा कायदा आहे, गोव्याला लागू नाही. म्हणून त्यांचा सल्ला प्रेमाने ऐका, पण कागद इथल्या पद्धतीने वाचा. विक्रीखताच्या शेवटी मालमत्तेचे वर्णन देणारी परिशिष्टे असतात. तिथे जमिनीतला हिस्सा लिहिला आहे का ते पाहा. हिस्सा नसेल आणि मजकुरात ‘लेसर’ (पट्टा देणारा), ‘लेसी’ (पट्टा घेणारा), ‘डिमाइज’ (पट्ट्याने देणे), ‘सब-लीज’ (पोटपट्टा) असे शब्द दिसले, की समजा जमीन दुसऱ्याची आहे.

लीजहोल्डमध्ये जमीनमालक ठरावीक वर्षांसाठी जमीन वापरायचा हक्क देतो. त्याचा पाया १८८२ च्या मालमत्ता हस्तांतरण कायद्यात आहे. एक वर्षापेक्षा जास्त मुदतीचा भाडेपट्टा नोंदणीकृत दस्तानेच करावा लागतो. नोटरीसमोर सह्या केलेला ‘नव्याण्णव वर्षांचा करार’ कोणी पुढे केला तर तिथेच थांबा. अकरा महिन्यांचे लीव्ह अँड लायसन्स ही तर निराळीच गोष्ट. त्यात फक्त राहायची परवानगी असते, जागेत कसलाही हक्क निर्माण होत नाही.

आता साखळी बघा. जमीनमालकाने पट्टा बिल्डरला किंवा सोसायटीला दिला. बिल्डरने इमारत बांधून फ्लॅट पहिल्या ग्राहकाला पोटपट्ट्याने किंवा हक्क वर्ग करून दिला. तुम्ही त्या ग्राहकाकडून घेताय. म्हणजे तुमचा हक्क तिसऱ्या कडीला लटकलेला आहे. मूळ पट्टा साठ वर्षांचा असेल तर तुमचा पोटपट्टा एकसष्ट वर्षांचा होऊ शकत नाही. आणि मूळ पट्टेदाराने जमिनीचे भाडे थकवले, तर त्याची झळ आपला हप्ता वेळेवर भरणाऱ्या फ्लॅटवाल्यालाही लागते. म्हणून फक्त विकणाऱ्याचे कागद बघून भागत नाही. पहिल्या कडीपासूनचे सगळे दस्त मागा.

गोव्यात अशी जमीन कुठे भेटते? वास्कोला, सडा-हेडलँडच्या बाजूला बंदराची जमीन आहे. ती मुरगाव बंदर प्राधिकरणाची, म्हणजे शेवटी केंद्र सरकारच्या धोरणाखालची. इथे एक गोष्ट लक्षात ठेवावीच लागते. अशा जमिनीला १९७१ चा सार्वजनिक जागांवरून बेकायदा ताबेदार हटवण्याचा कायदा लागू होतो. मुदत संपल्यावर ताबा घ्यायचा तर मालकाला दिवाणी न्यायालयात वर्षानुवर्षे दावा चालवावा लागत नाही. इस्टेट ऑफिसर नोटीस काढतो, सुनावणी घेतो आणि आदेश देतो. खासगी भाटकाराच्या, म्हणजे जमीनदाराच्या, पट्ट्यापेक्षा इथे ‘संपेल तेव्हा बघू’ हा विचार जास्त धोक्याचा.

गृहनिर्माण मंडळाच्या किंवा दुसऱ्या सरकारी संस्थेच्या वसाहतीतला फ्लॅट असेल तर वाटपपत्र आणि त्यानंतरचा दस्त दोन्ही मागा. वाटप झाले म्हणजे मालकी आली, असे लोक धरून चालतात. मधे विकायला बंदी होती का, मंडळाची ना-हरकत घेतली का, हे वाटपपत्रातल्या अटींवरून कळते. देवस्थानच्या जमिनीवर फ्लॅट असेल तर १९३३ चे देवस्थान नियमन येते. देवस्थानांचा प्रशासक म्हणून मामलेदाराकडे अधिकार असतात, आणि महाजनांनी, म्हणजे देवस्थानच्या वंशपरंपरागत सभासदांनी, आपसांत ठराव केला म्हणून जमीन देता येत नाही. आमच्या फोंडा तालुक्यात देवस्थानांच्या जमिनी पुष्कळ आहेत. गावातला माणूस देवाच्या नावावर विश्वास टाकतो आणि कागद मागायला संकोचतो. तसा संकोच करू नका. देवस्थानचा हिशेबही कागदावरच चालतो.

कोमुनिदादचे, म्हणजे गावाची सामाईक जमीन सांभाळणाऱ्या जुन्या गावसंस्थेचे, प्रकरण थोडे वेगळे आहे आणि तिथे जास्त वेळ द्यावा लागतो. गोव्यात दोनशेहून जास्त कोमुनिदादी आहेत. त्यांचा कारभार १९६१ च्या संहितेनुसार चालतो, आणि त्यावर देखरेख करणारी प्रशासक कार्यालये म्हापसा, पणजी आणि मडगावला आहेत. कोमुनिदाद जमीन आफोरामेंताने देते. ही पोर्तुगीज काळापासूनची रीत. वरचा हक्क कोमुनिदादीकडे राहतो, वापरायचा हक्क घेणाऱ्याकडे जातो, आणि तो दरवर्षी ‘फोर’ नावाची ठरलेली रक्कम भरतो. नेहमीच्या पट्ट्यासारखे शेवटचे साल त्याला नसते. म्हणून काही दलाल ‘ही फ्रीहोल्डच समजा’ असे सांगतात. तसे समजू नका. जमीन कोणत्या कारणासाठी दिली ते मंजुरीत लिहिलेले असते. एका कुटुंबाच्या घरासाठी दिलेल्या भूखंडावर चार मजली इमारत उभी राहून त्यातले फ्लॅट विकले गेले असतील, तर प्रश्न तुमच्या फ्लॅटच्या मजबुतीचा नाही, त्या मंजुरीचा आहे. तिथे तीन कागद मागा: मूळ आफोरामेंताची मंजुरी, ताबा दिल्याचा कागद, आणि आजवरचा फोर भरल्याच्या पावत्या. हस्तांतरासाठी परवानगी लागत असेल तर ती प्रत्येक वेळी घेतली होती का हेही बघा. मधली एक परवानगी गहाळ असेल तर ती विकणाऱ्याने आणून द्यायची, तुम्ही नंतर धावपळ करायची नाही. हे साठेखतात लिहून घ्या.

आता मूळ पट्टा हातात आला असे धरून चालू. तो इंग्रजीत असतो, लांबलचक असतो, आणि झेरॉक्सची झेरॉक्स काढून फिकट झालेला असतो. सब-रजिस्ट्रारकडून प्रमाणित प्रत घ्या आणि पेन्सिल घेऊन बसा. मी ज्या क्रमाने वाचते तो सांगते.

पहिली तारीख. मुदत पट्टा सुरू झाला त्या दिवसापासून मोजायची. समजा १९९० मध्ये साठ वर्षांचा पट्टा झाला आहे. तो २०५० ला संपतो. तुम्ही २०२५ मध्ये फ्लॅट घेतला तर तुमच्या हातात पंचवीस वर्षे आली. किंमत पन्नास लाख असेल तर वर्षाला दोन लाख, म्हणजे महिन्याला साधारण साडेसोळा हजार रुपये झाले, आणि त्यात कर्जाचे व्याज, देखभाल खर्च, घरपट्टी काहीच धरलेले नाही. त्याच भागात तसाच फ्लॅट भाड्याने किती रुपयांना मिळतो ते विचारा आणि दोन आकडे शेजारी ठेवा. नूतनीकरणाची खात्री नसेल तर या साध्या भागाकाराइतके स्पष्ट उत्तर दुसरे कोणी देत नाही. दहा वर्षांनी तुम्ही विकायला काढाल तेव्हा पुढच्या माणसाच्या वाट्याला पंधराच वर्षे असतील, हेही त्याच कागदावर लिहा. लीजहोल्ड फ्लॅट पट्टा लांब असताना फ्रीहोल्डच्या जवळपास किमतीने विकला जातो. मुदत उतरणीला लागली की गिऱ्हाईक कमी होते, कारण बँका मागे सरतात.

बँकेचे गणित सरळ आहे. कर्जाची मुदत संपल्यावरही पट्ट्याची काही वर्षे शिल्लक हवीत. ती किती, हे प्रत्येक बँकेचे वेगळे असते. वरच्या उदाहरणात पंचवीस वर्षे उरलेली असताना वीस वर्षांचे कर्ज मिळेलच असे धरू नका. शिवाय फ्लॅट गहाण ठेवायला जमीनमालकाची लेखी परवानगी लागते का, हे पट्ट्यात असते. लागत असेल तर ती आल्याशिवाय बँक पैसे सोडत नाही. बयाणा देण्याआधी बँकेच्या पॅनेलवरच्या वकिलाचे मत घ्या. कर्ज घ्यायचे नसले तरी घ्या. बँकेचा वकील बँकेचे पैसे बुडू नयेत म्हणून बघत असतो, आणि त्या निमित्ताने तुमचेही वाचतात.

दुसरे, नूतनीकरण. ‘पट्टेदाराने मुदतीपूर्वी लेखी मागणी केल्यास अमुक वर्षांसाठी पट्टा वाढवून दिला जाईल’ असे लिहिले असेल तर तुमच्याकडे हक्क आहे. ‘मालकाच्या इच्छेनुसार विचार करता येईल’ असे असेल तर फक्त आशा आहे. काहीच लिहिलेले नसेल तर हक्क नाही. वाढीव मुदतीचे भाडे कसे ठरणार हेही तिथेच बघा. ‘त्या वेळच्या बाजारभावाने’ हे तीन शब्द फार महाग पडू शकतात. आणि नूतनीकरण एकट्या फ्लॅटवाल्याला करता येत नाही. पट्टा सोसायटीच्या नावे असेल तर सोसायटीला करावे लागते. म्हणून सोसायटी नोंदणीकृत आहे का, सभा होतात का, जमीनभाडे वेळेवर भरले जाते का, हे सेक्रेटरीला भेटून विचारा. ज्या सोसायटीत गळक्या टाकीचा निर्णय वर्षभर होत नाही, तिथे नूतनीकरणाचे पैसे सगळ्यांकडून कसे जमा होणार, हा विचार मी तरी करते.

तिसरे, विक्रीची परवानगी. इथे सगळ्यात जास्त काळजी घ्या. कायदा असे म्हणतो की करारात उलट काही नसेल तर पट्टेदार आपला हक्क विकू शकतो, गहाण ठेवू शकतो, पोटभाड्याने देऊ शकतो. पण करारात बहुधा उलट लिहिलेलेच असते: मालकाच्या लेखी संमतीशिवाय हस्तांतर नाही, आणि संमतीसाठी शुल्क. काही पट्ट्यांत वाढलेल्या किमतीतला वाटाही मालकाला द्यावा लागतो. भाडे थकल्यामुळे पट्टा रद्द करायचा दावा आला तर थकबाकी, व्याज आणि खर्च भरून न्यायालयाकडे दाद मागता येते. इतर अटी मोडल्या तर मालकाने आधी लेखी नोटीस देऊन चूक सुधारायला वाजवी वेळ द्यायचा असतो. पण परवानगीशिवाय हस्तांतर करण्याविरुद्धची अट मोडली तर नोटिशीचे हे संरक्षण मिळत नाही. ‘एनओसीचे नंतर बघू, आधी पैसे द्या’ म्हणणारा विक्रेता तुम्हाला नेमक्या याच खड्ड्यात ढकलतो. संमती आधी, आणि शुल्क कोण भरणार ते साठेखतात.

चौथे, वापराचा हेतू. कळंगुट-कांदोळीपासून पाळोळ्यापर्यंत लोक फ्लॅट घेतात आणि पर्यटकांना देतात. १९८२ च्या पर्यटन व्यवसाय नोंदणी कायद्याखाली त्याची नोंदणी लागते हे आता बऱ्याच जणांना माहीत झाले आहे. पट्ट्यात ‘केवळ निवासी वापर’ किंवा ‘पोटभाड्यास मनाई’ असेल तर मात्र ती नोंदणी असूनही तुम्ही अट मोडत असता. भाड्याच्या उत्पन्नावर हप्ता भरायचा बेत असेल तर हे कलम आधी वाचा, सोफा नंतर निवडा.

पाचवे, मुदत संपल्यावर इमारतीचे काय. काही पट्टे म्हणतात इमारतीसह जमीन मालकाकडे परत, मोबदला नाही. काहींत मूल्यांकन करून रक्कम द्यायची तरतूद असते. इमारत पडली, जळाली किंवा पुन्हा बांधायची वेळ आली तर कोणाचा काय हक्क, हेही शोधा. जुन्या पट्ट्यांत पुनर्बांधणीविषयी अक्षरही नसते.

कागद तपासायला कुठे जायचे ते थोडक्यात. गावातली जमीन असेल तर एक-चौदाचा उतारा (महाराष्ट्रातल्या सात-बारासारखा) भूमापन खात्याच्या संकेतस्थळावर बघता येतो. शहरी मोजणीत असेल तर त्याऐवजी फॉर्म डी. एक-चौदावर कब्जेदार कोण, कूळ आहे का, ‘इतर हक्क’ रकान्यात काय आहे ते वाचा. त्या नोंदी खऱ्या असल्याचे कायदा धरून चालतो, पण उलट पुरावा आला तर त्या पडतात, म्हणून केवळ उताऱ्यावर मालकी ठरत नाही. तालुक्याच्या सब-रजिस्ट्रारकडे निदान तीस वर्षांचा शोध आणि बोजा नसल्याचा दाखला घ्या. जुन्या जमिनीचा माग पोर्तुगीज काळातल्या नोंदणीपर्यंत जातो. तो वाचणारा वकील फोंड्यात, मडगावात, म्हापशात मिळतो आणि त्याची फी वसूल होते. शेवटी पट्टा देणाऱ्या कार्यालयात स्वतः जा. थकबाकी नाही, पट्टा चालू आहे, अटभंगाची नोटीस नाही, असे तिथून लेखी घ्या.

नवीन प्रकल्प असेल तर गोवा रेराची, म्हणजे बांधकाम प्रकल्पांवर देखरेख करणाऱ्या प्राधिकरणाची, नोंदणी बघा. २०१६ च्या रेरा कायद्यात फ्लॅट फ्रीहोल्ड असो की लीजहोल्ड, घेणाऱ्याला संरक्षण आहे. नोंदणीकृत करार होण्याआधी बिल्डरला किमतीच्या दहा टक्क्यांहून जास्त रक्कम घेता येत नाही. आणि जमिनीच्या हक्कात दोष निघून नुकसान झाले तर भरपाईचा दावा मुदतीच्या कारणाने फेटाळता येत नाही.

पोर्तुगीज पासपोर्ट घेतलेल्या घरांसाठी एक इशारा. भारतीय नागरिकत्व सोडल्यावर ओसीआय (परदेशस्थ भारतीय नागरिक) कार्ड असेल तर निवासी फ्लॅट घेता येतो. परदेशात राहणाऱ्या, मूळच्या भारतीय नसलेल्या परदेशी माणसाला मात्र रिझर्व्ह बँकेच्या परवानगीशिवाय पाच वर्षांपर्यंतचाच पट्टा घेता येतो. ‘विकत घेता येत नाही ना, मग नव्याण्णव वर्षांच्या लीजने घ्या’ हा किनाऱ्यावर दिला जाणारा सल्ला परकीय चलन कायद्यात बसत नाही.

आणि गोव्यातली मुले आज इंग्लंडात, स्विंडनला, साउथॉलला घरे घेतात, म्हणून तिथलेही सांगते. माझ्या भाचीने फोन करून विचारले, “मावशी, इथे फ्लॅट लीजहोल्डच असतात म्हणे. घेऊ की नको?” इंग्लंडमध्ये फ्लॅट बहुतेक लीजहोल्डच असतात, त्यात घाबरण्यासारखे काही नाही. तिला मी एवढेच म्हटले, “बाय, आधी वर्षे विचार. ऐंशीच्या खाली असतील तर मुदत वाढवणे महाग पडते.” १९९३ च्या कायद्याने फ्लॅटवाल्याला नव्वद वर्षांची वाढ मागायचा हक्क दिला आहे, आणि वाढीनंतर जमीनभाडे नाममात्र होते. त्यासाठी आधी दोन वर्षे मालकी असावी ही अट जानेवारी २०२५ पासून गेली. ३० जून २०२२ नंतरच्या बहुतेक नव्या पट्ट्यांत जमीनभाडे आकारताच येत नाही. जुन्या पट्ट्यात मात्र ते दर काही वर्षांनी दुप्पट होते का ते बघायचे, आणि मागच्या तीन वर्षांचे सर्व्हिस चार्जचे हिशेब मागायचे. कायद्याने मिळणारा असा वाढीचा हक्क गोव्यातल्या फ्लॅटवाल्याला नाही. इथे जे मिळते ते पट्ट्यातल्या कलमातून, किंवा एखाद्या सरकारी संस्थेने लीजहोल्डचे फ्रीहोल्ड करायची योजना काढली तर त्यातून. ‘लवकरच फ्रीहोल्ड होणार आहे’ असे कोणी म्हटले तर आदेशाची प्रत आणि भरायच्या रकमेचे पत्र मागा, आणि ते नसेल तर किंमत लीजहोल्डचीच द्या.

दस्त करायच्या दिवशी गोव्यातली एक गोष्ट बाहेरच्यांना नवी वाटते. इथल्या विवाह कायद्यात पती-पत्नीची मालमत्ता सहसा सामाईक धरली जाते, म्हणून विकणाऱ्याच्या जोडीदाराची सही लागते. फ्लॅट एकट्याच्या नावावर असला तरीही. विकणाऱ्याला तो वारशाने मिळाला असेल तर वारसपत्र किंवा इन्व्हेंतारचा (वारसांत वाटणी करायच्या न्यायालयीन प्रक्रियेचा) आदेश बघा, आणि सगळे वारस व त्यांचे जोडीदार सह्यांना येणार आहेत याची आधीच खात्री करा. त्यातला एखादा दुबईला किंवा लंडनला असेल तर मुखत्यारपत्राला वेळ लागतो, आणि तेवढ्यात जमीनमालकाच्या संमतीची मुदत संपू शकते. म्हणून संमतीचा अर्ज वारसांची कागदपत्रे पूर्ण झाल्यावरच द्या.

दस्त नोंदवला की काम संपले असे समजून लोक घरी जातात. आणखी दोन फेऱ्या बाकी असतात. घरपट्टी पंचायतीत किंवा पालिकेत स्वतःच्या नावावर करा, आणि पट्टा देणाऱ्या कार्यालयाच्या वहीत पट्टेदार म्हणून आपले किंवा सोसायटीच्या यादीत आपले नाव चढवून घ्या. जमीनभाड्याची पुढची पावती तुमच्या नावाने आली की ती पट्ट्याच्या प्रतीसोबत एकाच फायलीत लावा, आणि फायलीच्या पहिल्या पानावर पट्टा संपण्याची तारीख व नूतनीकरणाचा अर्ज द्यायची शेवटची तारीख लिहून घरातल्या दुसऱ्या एका माणसाला ती फाईल कुठे आहे ते दाखवून ठेवा.